ॲप म्हणालं शंभर, दात निघाले गुलाबी

मागच्या उन्हाळ्यातली एक रात्र. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरात बेसिनपुढे आम्ही चौघं दाटीवाटीनं उभे होतो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मोठा आणि सहा वर्षांची धाकटी. काटोलहून आलेल्या सासूबाई दारातून बघत होत्या. धाकटीचे दात नुकतेच घासून झाले होते आणि ब्रशला जोडलेल्या मोबाईलवरच्या ॲपनं तिला शंभरपैकी शंभर दिले होते. स्क्रीनवर दातांचं चित्र पांढरंशुभ्र चमकत होतं, वरून रंगीत कागदाचे कपटे उडत होते. मग मी दंतवैद्य मॅडमनी दिलेली एक लाल गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती चावली, अर्धा मिनिट तोंडात घोळवली, थुंकली, चूळ भरली आणि आरशापुढे तोंड वासलं. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू गडद गुलाबी दिसत होती. वरच्या दाढांच्या मागच्या कोपऱ्यातही तोच रंग.

"ॲप खोटं बोललं?" तिनं विचारलं.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हणून म्हणतो, दात घासाले मोबाईल कायले लागते व माय?"

दोघींचेही प्रश्न मला महत्त्वाचे वाटले. ॲप खोटं बोललं नव्हतं, त्याला जे मोजता येतं तेच त्यानं मोजलं होतं. पण ते नेमकं काय मोजतं आणि आपण त्याला काय समजून बसतो, यात बरंच अंतर आहे. आज घराघरात ब्लूटूथचे ब्रश, टायमरवाले ब्रश, मुलांसाठी कार्टूनची ॲप्स येऊ लागली आहेत. त्यातलं कुठलं कामाचं आणि कुठलं नुसतं चमकदार, हे ठरवायचं तर आधी तोंडात काय चालतं ते कळायला हवं.

दात कितीही लखलखीत घासले तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा एक अगदी पातळ पापुद्रा त्यांच्यावर बसतो. त्या पापुद्र्यावर जीवाणू येऊन चिकटतात, वाढतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करतात आणि तिथे त्यांची वस्ती होते. यालाच प्लाक म्हणतात. सकाळी उठल्यावर जिभेला दात बुळबुळीत लागतात ना, तो हाच थर. नुसत्या चुळीनं तो जात नाही. कढईला धरलेलं पिठलं जसं पाण्याच्या धारेनं निघत नाही, खरवडावंच लागतं, तसंच याचं आहे. ब्रशचं पहिलं काम हे खरवडण्याचं. दिवसचे दिवस तो थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात, तो कडक होतो आणि त्याचं किटण होतं. मग ते घरच्या ब्रशनं निघत नाही, दंतवैद्याकडेच काढून घ्यावं लागतं.

या वस्तीतल्या काही जीवाणूंना साखर फार प्रिय. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं. आपण गोड खाल्लं की ते साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता मोजायच्या पट्टीवर सात हा आकडा मध्यावर असतो, त्याखाली आम्ल. प्लाकमधला आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या सर्वात वरच्या कठीण कवचातले, म्हणजे इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. मग लाळ आपलं काम सुरू करते. ती आम्ल हळूहळू निवळते आणि गेलेले क्षार परत भरते. याला अर्धा ते एक तास लागतो. गोड खाल्ल्यावर हा आकडा झपकन खाली जातो आणि सावकाश वर येतो, हे स्टीफन नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात मोजून दाखवलं. त्या आलेखाला आजही त्याचंच नाव आहे.

यातून घरासाठी एक मोठी गोष्ट निघते. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त भोवतं. जेवणानंतर संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले तर लाळेला एकदाच लढावं लागतं. तीच बर्फी दुपारभर येता-जाता कुरतडली तर लाळेला उसंतच नाही. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, मुलांच्या हातात दिवसभर सरबताची बाटली असते. आपण ती प्रेमानंच देतो, ऊन लागू नये म्हणून. पण दर दहा मिनिटांनी घेतलेला एक-एक घोट म्हणजे दुपारभर आम्लात भिजलेले दात. बाटलीत साधं पाणी ठेवावं आणि सरबत एकदाच बसून पेलाभर प्यावं, एवढा बदल आमच्याकडे झाला. कुठल्याही ॲपनं तो सुचवला नव्हता. आणि संत्री आमच्या घरात ढिगानं येतात, तेव्हा हेही सांगते की संत्र्याचा रस स्वतःच आंबट असतो. तो प्यायल्यावर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. आधी पाण्यानं चूळ भरावी, अर्ध्या तासानं ब्रश करावा.

रात्रीच्या ब्रशवर दंतवैद्य एवढा जोर का देतात तेही यातच आलं. झोपेत लाळ फार कमी सुटते. रात्री दातावर जे राहिलं त्याच्याशी लढायला सकाळपर्यंत कोणी नसतं. आपल्याकडे मात्र उलटं. सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नाही, आणि रात्री जेवलं की थेट अंथरूण.

पेस्टमधलं फ्लोराईड हे ब्रशचं दुसरं काम करतं. ते इनॅमलमध्ये जाऊन बसलं की कवच आम्लाला जास्त दाद देत नाही, विरघळायला आकडा ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. म्हणून घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण पाण्यानं तोंड खळाखळा धुऊन काढू नये. थोडं फ्लोराईड मागे राहू द्यावं. पहिले काही दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराईडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये ते याहून बरंच कमी असतं, काहींमध्ये नसतंच, म्हणून कार्टूनवर न जाता खोक्यावरचा आकडा वाचावा. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी पूर्ण ब्रशभर लाट कोणालाच लागत नाही. एक गोष्ट विदर्भातल्या घरांनी जास्त लक्षात ठेवावी. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त सापडतं. तुमचं मूल असं पाणी पीत असेल तर पेस्ट कोणती वापरायची हे दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

आता दोन मिनिटांचा हिशेब. मोठ्या माणसाचे ३२ दात. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. एका दाताच्या वाट्याला चार सेकंदसुद्धा येत नाहीत, आणि तेवढ्यात त्याची बाहेरची, आतली आणि चावायची अशा तीन बाजू घासायच्या. आपण बहुतेक जण मिनिटभरातच उरकतो आणि आपल्याला मात्र वाटतं की बराच वेळ झाला. माझ्या नवऱ्याला मी घड्याळ न दाखवता "दोन मिनिटं झाली की थांबा" असं सांगितलं होतं. ते ४८ सेकंदांना थांबले. पूर्ण खात्रीनं.

तंत्रज्ञानाचा सगळ्यात निर्विवाद उपयोग इथेच आहे. वेळेच्या बाबतीत आपला अंदाज चुकतो, यंत्राचा चुकत नाही. विजेवर चालणारा ब्रश काही नवा नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली ब्रॉक्सोडेंट नावाचा ब्रश आला, तो भिंतीतल्या प्लगला वायरनं जोडावा लागे. आजचे ब्रश बॅटरीवर चालतात आणि त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकाचं डोकं छोटं गोल असतं आणि ते डावी-उजवीकडे अर्धवट फिरत राहतं. दुसऱ्याचं डोकं साध्या ब्रशसारखंच लांबट, पण ते फार वेगानं थरथरतं, मिनिटाला तीस हजारांच्या आसपास. त्याला सोनिक म्हणतात. दोन्हींत बहुधा दोन मिनिटांचा टायमर असतो आणि दर तीस सेकंदांना एक छोटा झटका बसतो: आता वर डावीकडे, आता खाली उजवीकडे. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला अर्धा मिनिट.

यांचा खरंच फायदा होतो का? कॉक्रेन नावाची जगभरच्या अभ्यासांची छाननी करणारी संस्था आहे. तिच्या २०१४ च्या आढाव्यात विजेच्या ब्रशनं साध्या ब्रशपेक्षा प्लाक पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ११ टक्के आणि त्यानंतर सुमारे २१ टक्के जास्त कमी झाला, असं आढळलं. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. नीट चालवलेला साधा ब्रश आजही पूर्ण पुरेसा आहे. ज्यांचा हात थरथरतो, संधिवातानं मूठ नीट वळत नाही, किंवा ज्यांना एखादं अपंगत्व आहे, त्यांना मात्र विजेच्या ब्रशनं मोठा आधार मिळतो. घरात एकच घ्यायची ऐपत असेल तर तो मुलांच्या हौसेआधी आजी-आजोबांना द्यावा, असं माझं मत झालं आहे. डोकं मात्र ज्याचं त्याचं वेगळं हवं आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवं. विकत घेताना सुट्या डोक्यांची किंमत विचारून घ्या, खरा खर्च तिथेच होतो.

आता धाकटीच्या प्रश्नाकडे येते. ब्रशला कसं कळतं की तो तोंडात कुठे आहे? साधारण २०१४ पासून मोबाईलशी बोलणारे ब्रश बाजारात आले. त्यांच्या दांड्यात दोन छोटे सेन्सर असतात. तुम्ही मोबाईल आडवा केला की स्क्रीनवरचं चित्रही आडवं होतं ना, तेच सेन्सर. एकाला गुरुत्वाकर्षण कुठून ओढतं ते कळतं, त्यावरून दांडा किती कलला आहे हे समजतं. दुसऱ्याला दांडा कुठल्या दिशेला किती गरकन वळला ते कळतं. आता हातात ब्रश धरल्याची कल्पना करा. वरचे दात घासताना केस वर तोंड करून असतात, खालचे घासताना खाली. बाहेरची बाजू घासताना मनगट एका बाजूला वळलेलं, आतली घासताना दुसऱ्या. कंपन्या पुष्कळ लोकांच्या ब्रश करण्याच्या नोंदी घेतात, अमुक कलाला, अमुक झटक्याला ब्रश तोंडात अमुक ठिकाणी होता, अशी उदाहरणं संगणकाला दाखवतात, आणि त्यावरून तो तुमच्या हालचालीचा अंदाज बांधतो. ही माहिती ब्लूटूथनं मोबाईलवर जाते आणि चित्रातला तो दात पांढरा होतो. काही ॲप्स वेगळी पद्धत वापरतात. मोबाईल आरशाला टेकवून ठेवायचा, त्याचा कॅमेरा चेहरा आणि ब्रश बघतो, आणि स्क्रीनवर मुलाच्या दातांवर छोटे राक्षस काढून दाखवतो. तिथे ब्रश नेला की राक्षस पळतो.

म्हणजे ॲपला हाताची हालचाल कळते. केसांची टोकं दाताला खरंच टेकली का, की जिभेवरच फिरली, हे त्याला दिसत नाही. मूल मान वाकडी करून उभं राहिलं तर अंदाज आणखी ढळतो. दाताच्या आतल्या बाजूला कॅमेरा तर पोचतच नाही. धाकटी मनगट बरोबर वळवत होती, पण ब्रश खालच्या दातांच्या मागे उभा धरायचा तो ती आडवाच धरायची, आणि केस हवेत राहायचे. ॲपच्या हिशेबी काम झालं. प्लाक जागच्या जागी.

तो प्लाक दाखवणारं तंत्रज्ञान म्हणजे ती लाल गोळी. तिच्यात खाण्यात चालणारा रंग असतो, तो प्लाकला धरून बसतो आणि स्वच्छ दातावरून निघून जातो. दंतवैद्याकडे किंवा ऑनलाइन मिळते. जुनी आणि स्वस्त गोष्ट आहे, तिला बॅटरी लागत नाही. ज्याला थुंकता येतं अशाच मुलाला द्यावी, रंगाची ॲलर्जी असलेल्याला देऊ नये, आणि अंगात जुना शर्ट असावा. त्या रात्री मी सगळ्यांनाच दिली. मोठ्याच्या हिरड्यांच्या कडेनं गुलाबी रेघ निघाली. नवऱ्याच्या उजव्या दाढा गुलाबी निघाल्या, कारण उजव्या हातानं उजव्या बाजूला वळताना ते नेहमी घाई करतात. माझ्या अगदी शेवटच्या दाढा. शेवटी सासूबाईंनीही हात पुढे केला, "दे बापा मलेही." त्यांचे खालचे सहाच दात स्वतःचे आहेत. ते सर्वांत स्वच्छ निघाले.

मग आम्ही प्रत्येकानं आपापला गुलाबी भाग नीट पाहून घेतला आणि फक्त तेवढाच पुन्हा घासला. पुढच्या आठवड्यात धाकटीनं ब्रश उभा धरायला शिकून घेतला. तिला कोणी ओरडलं नाही, चार्ट लावला नाही. आपला दात आपल्याच डोळ्यांनी दिसला, एवढंच. आता महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे "गुलाबी रविवार" असतो.

अजून एक यंत्र आता बऱ्याच स्वयंपाकघरांत असतं, डिजिटल वजनकाटा. महागड्या ब्रशमध्ये जोर जास्त झाला की लाल दिवा लागतो, कारण जोरात घासल्यानं दात जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात. साधा ब्रश असेल तर तो काट्यावर उलटा टेकवून नेहमीसारखा दाबून बघा. साधारण १५० ग्रॅमचा दाब पुरतो, म्हणजे एका मध्यम संत्र्याच्या वजनाएवढा. मी दाबला तर काट्यानं ४१० दाखवले. माझ्या हिरड्या थंड पाण्यानं का झिणझिणतात ते मला त्या आकड्यानं सांगितलं. केस मऊ असलेला ब्रश घ्यावा, हिरडीच्या कडेशी थोडा तिरपा धरावा आणि छोटे गोल फिरवावेत.

इथपर्यंत झालं दात घासण्याचं कौशल्य. रोज घासण्याची सवय हा वेगळा प्रश्न आहे, आणि घरोघरी खरी झटापट तिथेच होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोजची एक नवी सवय लावायला सांगितली होती. ती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवसांत जमलं, तर कोणाला हिशेबानं २५४ दिवस लागले असते. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत तिथेच निकालात निघते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यावर फारसा परिणाम होत नाही.

आणि ॲप्स नेमकं याच्या उलट वागतात. बहुतेक ॲप्समध्ये सलग दिवसांची साखळी असते. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. मे महिन्यात काटोलला लग्न होतं, तिथे नेटवर्क जेमतेम, ब्रशचा चार्जर घरी राहिलेला. धाकटीनं दोन्ही दिवस आजीनं दिलेल्या साध्या ब्रशनं दात घासले होते. पण नागपूरला परत येऊन ॲप उघडलं तर तेवीस दिवसांची साखळी तुटलेली. ती रडली, आणि पुढचे तीन दिवस "आता काय उपयोग" म्हणून तिनं ब्रशला हात लावला नाही. दात स्वच्छ असूनही ॲपनं तिला नापास केलं होतं. त्यानंतर मी ती साखळीची सूचना बंद केली. तुमच्या ॲपमध्ये सेटिंगला जाऊन ती बंद करता येते का ते आधी बघा.

बक्षिसांचंही असंच. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना "चित्र काढलं तर बक्षीस मिळेल" असं आधी सांगून बक्षीस दिलं. काही दिवसांनी तीच मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. दात घासायला कुठल्याच मुलाला मुळातून आवडत नाही, त्यामुळे हा प्रयोग जसाच्या तसा इथे लागू होत नाही. सुरुवातीला तारे, स्टिकर कामाला येतात. पण तारे हेच कारण होऊन बसले तर तारे थांबले की घासणंही थांबतं. आम्ही तारे दोन महिन्यांत हळूहळू कमी केले.

मग रोजची आठवण? ती मोबाईलच्या गजरानं करून द्यावी का? ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर यासाठी एक मोठा अभ्यास झाला, त्याचं नाव ब्राइट. अकरा ते तेरा वर्षांच्या चार हजारांहून जास्त मुलांपैकी निम्म्यांना वर्गात एक धडा दिला आणि मोबाईलवर दिवसातून दोनदा ब्रशची आठवण करून देणारे मेसेज पाठवले. सहा महिन्यांनी दोनदा दात घासणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, पण अडीच वर्षांनंतर किडलेल्या दातांत काही म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला हे निराशाजनक वाटत नाही. मेसेज आला आणि ब्रश दुसऱ्या खोलीत असला तर मेसेज वाचून संपतो. आठवण कुठल्या तरी ठरलेल्या कामाला बांधली तर ती टिकते. आमच्याकडे रात्रीच्या ब्रशला ताटं उचलण्याशी बांधलं. ताट मोरीत ठेवलं की तसंच बेसिनपाशी जायचं. झोपायच्या वेळेशी बांधलं होतं तेव्हा मुलं पेंगुळलेली असायची आणि रोज रडारड व्हायची. एक तास अलीकडे आणलं, रडारड गेली. नंतर दूधसुद्धा नाही, फक्त पाणी. हे आठवड्याभरात बसलं नाही, दिवाळी आली तेव्हा कुठे मला सांगावं लागेनासं झालं.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांत तेवढं कसबच नसतं, हे मात्र ब्रशच्या डब्यावर बहुधा ठळक लिहिलेलं नसतं. स्वतःच्या बुटाची नाडी ज्याला नीट बांधता येत नाही त्याला दाढेची मागची बाजू घासता येणार नाही. मुलाला आधी स्वतः घासू द्यावं, मग आईनं किंवा बाबांनी एकदा हात फिरवावा. मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवलं की तोंडात नीट दिसतं. मोबाईलचा टॉर्च इथे फार छान कामी येतो, माझ्या मते मोबाईलचा दात घासण्यातला सर्वांत चांगला उपयोग हाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, गुपचूप, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते, तिला जन्मभर चावायचं असतं. टॉर्च लावून तिच्या खाचा बघा. खोल वाटल्या तर दंतवैद्य त्या खाचा भरून टाकणारा पातळ लेप लावून देतात, त्याला सीलंट म्हणतात. आपल्याकडे नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

मोबाईल बाथरूममध्ये न्यायचा तर दोन गोष्टी सांभाळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त तासभर. दोन मिनिटांचं ब्रशचं गाणं संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि तिथे झोपेचं खोबरं होतं. नुसतं गाणं ऐकू येऊ द्या, स्क्रीन पालथी ठेवा. दुसरी गोष्ट माहितीची. ॲप मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो मागतं. टोपणनाव द्या, फोटो देऊ नका. लोकेशन मागितलं तर लगेच घाबरूही नका, जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथचं उपकरण शोधायलाच ती परवानगी लागते. पण ब्रश जोडून झाला की काढून घ्या. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती घेण्याची आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती न दाखवण्याची तरतूद आहे. मुलानं किती वाजता दात घासले हीसुद्धा त्याची माहितीच आहे.

आणि नागपुरात राहून दातांविषयी लिहायचं आणि खर्ऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्यानं होणार नाही. माझे धाकटे दीर दिवसाला खर्ऱ्याच्या चार-पाच पन्न्या, म्हणजे पुड्या, खायचे. त्यांच्याकडे घरातला सगळ्यात महागडा ब्रश होता, कारण दातांवरचे डाग त्यांना घालवायचे होते. खर्ऱ्यातली सुपारी, तंबाखू आणि चुना गालाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतात. सुपारीनं ते अस्तर हळूहळू दोरीसारखं ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं, तिखट भाजी खाववत नाही. पुढे कॅन्सरचा धोका. हे कुठल्याही ब्रशनं घासून निघत नाही. आपली तीन बोटं एकावर एक उभी करून दातांमध्ये जातात का, एवढी तपासणी घरी करता येते. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारं व्रण असेल, तर वाट बघू नका. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, आणि २०१६ पासून मोबाईलवर मेसेज पाठवून मदत करणारी सरकारी सेवाही आहे. दिरांना पहिल्यांदा कारण मात्र धाकटीनं दिलं. गुलाबी रविवारी तिनं टॉर्च घेऊन त्यांना म्हटलं, "काका, आ करा." त्यांचं तोंड तिच्याएवढंसुद्धा उघडलं नाही. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मेडिकलला जाऊन आले. अजून पूर्ण सुटलेला नाही, दिवसाला एकावर आला आहे.

तो ब्लूटूथचा ब्रश आमच्याकडे अजून आहे, पण ॲप मी जूनमध्येच काढून टाकलं. आता रात्री सव्वाआठला ताटं मोरीत गेली की काटोलला व्हिडिओ कॉल लागतो. मोबाईल साबणाच्या डबीला टेकवलेला असतो. पलीकडे आबा आपली कवळी काढून वाटीत ठेवतात आणि तिला ब्रशनं, साध्या पाण्यानं नीट घासतात, सासूबाई आपले सहा दात. इकडे आमची दोघं. दोन मिनिटं कोणाला बोलता येत नाही, तोंडात फेस असतो, म्हणून सगळे फक्त एकमेकांकडे बघत असतात. आबांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्याचा काटा दोनदा फिरला की धाकटी हात वर करते, सगळे थुंकतात आणि मग बोलणं सुरू होतं, संत्र्याच्या बागेला पाणी दिलं का, उद्या डब्यात काय नेणार.